पॉयझन: जांभळी बाटली आणि तिची भावंडं

डिओर ह्या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पॉयझन नावाच्या परफ्युमवर एकदा सविस्तर लिहायचंच होतं, कारण ह्या एका नावाखाली इतके परफ्युम आलेत की नवीन माणूस काउंटरसमोर उभा राहिला की गोंधळणारच. जांभळी बाटली, हिरवी, लाल, पांढरी, निळी, गुलाबी, आकार सगळ्यांचा तोच सफरचंदासारखा, नावात सगळ्यांच्या पॉयझन आहेच, आणि आत मात्र प्रत्येकीत वेगळंच काहीतरी. मग लोक विचारतात की ह्यातलं स्ट्राँग कुठलं, लाइट कुठलं, उन्हाळ्यात कुठलं चालेल. माझं म्हणणं असं की ह्या बाटल्या म्हणजे एकाच वासाचे घट्ट-पातळ प्रकार नाहीतच, त्यामुळे तसं विचारून हाती काही लागत नाही. मूळ पॉयझनचा वास पुढे नेणारं ह्यात जवळपास कुणीच नाही. पण मूळ पॉयझनची हिंमत पुढे नेणारं एक आहे, लाल बाटलीतलं हिप्नॉटिक, आणि बाकी सगळ्यांना मी ह्या दोघांच्याच मापाने मोजते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चाललेल्या परफ्युमचं नाव आणि बाटली घेऊन कंपनी जो पुढचा परफ्युम काढते त्याला फ्लँकर म्हणतात. जाहिरातीचा अर्धा खर्च वाचतो, नाव आधीच लोकांच्या तोंडात असतं. ह्यात गैर काहीच नाही, फक्त आत काय भरलंय ते बघायला हवं.

तर सुरुवात १९८५ पासून. त्याआधीचं डिओर आठवून बघा. १९४७ चं मिस डिओर, मग १९५६ ला परफ्युमर, म्हणजे वास रचणारा, एदमों रुदनित्स्काने केलेलं डिओरिसिमो, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीचा जवळजवळ जिवंत वास, मग त्याचंच १९६६ चं ओ सोव्हाज, लिंबू आणि हर्ब्जचं, स्वच्छ, मोकळं. सगळं कसं संयमी, खालच्या आवाजात बोलणारं. दरम्यान बाहेर मात्र हवा बदलत होती, १९७७ ला इव्ह सँ लोराँचं ओपियम येऊन गेलं होतं, १९८१ ला जॉर्जिओ बेव्हर्ली हिल्स आलं, आणि माणसाच्या आधी त्याचा परफ्युम खोलीत शिरायला लागला. अशा वेळी डिओरसारख्या घराने परफ्युमचं नाव चक्क विष ठेवलं, बाटली परीकथेतल्या सफरचंदासारखी केली, जांभळी, आणि परफ्युमर एदुआर फ्लेशिएने आत जे भरलं ते ओपियम किंवा जॉर्जिओची नक्कल नव्हतं, ते पूर्णपणे स्वतःचंच काहीतरी होतं.

आता वास. पॉयझन हुंगायच्या कागदी पट्टीवर मारलं की पहिल्यांदा नाकावर आदळतं ते फळ, शिजवून घट्ट केलेल्या प्लमसारखं, काळपट जांभळं, त्यात धणे आणि मिरीचा तिखटपणा. दोन-चार मिनिटांत त्याखालून निशिगंध वर येतो, पण हारातला गोड निशिगंध नव्हे, त्यातली ती औषधी, थोडी रबरी, थोडी मांसल बाजू. मग मध. मग दालचिनी, लवंगेसारखा कार्नेशन, आणि सगळ्यात शेवटी धूप आणि ओपोपोनॅक्स ह्या सुगंधी डिंकाचा चिकट गोडवा, व्हॅनिला, चंदन. हे सगळं एकामागून एक येतं असंही नाही, बऱ्याचदा सगळे एकदम बोलतात आणि तरी गोंगाट होत नाही, आणि मला ह्या परफ्युमचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याचंच आहे. जाकिटाच्या अस्तरावर एक स्प्रे मारा आणि दुसऱ्या दिवशी ते जाकीट उघडा, मध आणि धूप अजून तिथेच बसलेले असतात.

ह्यामागे जी केमिस्ट्री आहे ती मला फार आवडते म्हणून थोडं थांबते. गुलाबाच्या तेलात डॅमास्कोन कुटुंबातले रेणू असतात. प्रमाण नगण्य, पण गुलाबाला गुलाबपण देण्यात त्यांचा वाटा प्रचंड, कारण माणसाचं नाक त्यांना अगदी सूक्ष्म मात्रेतही पकडतं. त्यांचा वास एकाच वेळी गुलाब, शिजलेलं सफरचंद, प्लम आणि थोडी तंबाखू असा असतो. बहुतेक परफ्युमर हे जपून, थेंबभर वापरतात. पॉयझनमध्ये ते सढळ हाताने ओतलेत, आणि ते जांभळं फळ येतं ते इथून. दुसरा रेणू मिथाइल अँथ्रानिलेट, द्राक्षाच्या कँडीत जो वास असतो ना तोच, आणि गंमत म्हणजे निशिगंधाच्या फुलात हा नैसर्गिकरीत्याच असतो. त्यामुळे फळ आणि फूल हे दोन वेगळे तुकडे म्हणून जोडलेले वाटत नाहीत, एकाच्या पोटातून दुसरं निघाल्यासारखं वाटतं. मी हे पॉयझन घेऊन बसते तेव्हा दर वेळी फळ कुठे संपलं आणि फूल कुठे सुरू झालं ते पकडायचा प्रयत्न करते, आणि ती रेघ सापडत नाही. इतकं घट्ट विणलेलं काम आहे ते.

त्या काळात अमेरिकेतल्या काही रेस्टॉरंट्सनी पॉयझन लावून येणाऱ्यांना चक्क मनाई केली होती हा किस्सा परफ्युमवाल्यांत सगळ्यांना पाठ आहे. आणि मला त्या रेस्टॉरंटवाल्यांचंही पटतं हो, बंद जागेत चार जणींनी चार-चार स्प्रे मारले असतील तर जेवणाची चव काय कळणार. पॉयझन एका स्प्रेचं आहे. एक, तोही कपड्याच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्यामागे. मानेवर नको, स्वतःचंच डोकं धरतं. ज्यांना पॉयझन सहन होत नाही त्यातल्या बऱ्याच जणांनी ते जास्त मारलेलं तरी असतं किंवा दुसऱ्याने जास्त मारलेलं हुंगलेलं तरी असतं.

पुढचं भावंड आलं १९९४ ला, तांद्र पॉयझन, हिरव्या बाटलीत, आणि हेही फ्लेशिएनेच केलं. तोवर हवा पुन्हा फिरली होती. १९९२ ला परफ्युमर जाक काव्हालिएने इसे मियाकेसाठी केलेलं लो दिसे आलं होतं, पाण्यासारखं, आणि १९९४ लाच कॅल्विन क्लाइनचं सीके वन, म्हणजे आता सगळ्यांना नुकतीच आंघोळ केल्यासारखं दिसायचं होतं. तांद्र पॉयझन हे त्या काळाला दिलेलं उत्तर, गॅलबनम ह्या डिंकाचा कच्चा हिरवेपणा, फ्रीझियाची फुलं, निशिगंध आहे पण खिडकी उघडल्यावर येतो तसा, मध अगदी तळाशी. सुंदर आहे. हिरवे वास आवडणाऱ्यांनी मिळालं तर नक्की हुंगावं. फक्त त्याला पॉयझन का म्हणायचं हे मला बाटलीवरचं नाव वाचूनच कळतं, वासातून नाही.

आणि मग १९९८. हिप्नॉटिक पॉयझन. परफ्युमर आनिक मेनार्दो. ह्या बाईंचा तो काळ बघा, १९९७ ला लोलिता लेंपिका, त्यात आयव्ही, बडीशेप आणि जेष्ठमध, १९९८ ला बुल्गारीसाठी ब्लॅक, ज्यात रबर आणि धुरकट चहाचा वास आहे, आणि त्याच वर्षी हे. गोड परफ्युमचा दरवाजा १९९२ ला म्युग्लरच्या एंजलने उघडला होता, ओलिव्हिए क्रेस्पने त्यात इथाइल मॉल्टोल, म्हणजे सरळ कॉटन कँडीचा वास, पॅचुली ह्या मातकट वासाच्या पानाच्या डोक्यावर बसवला होता. त्यानंतर गोड करणं सोपं होतं, सगळेच करत होते. मेनार्दोने गोड केलं पण त्यात कडू घातलं.

कडू बदाम. हिप्नॉटिकचा पहिला श्वास म्हणजे कडू बदाम आणि शहाजिरं, आणि ही जोडी ऐकायला जितकी विचित्र वाटते तितकीच नाकालाही आधी विचित्र वाटते. शहाजिऱ्यात एक अंगाचा, उबदार वास असतो, तो बदामाच्या गोडपणाला मिठाईकडे जाऊ देत नाही. मग मोगरा, पण फुलासारखा वेगळा उमटून येत नाही, बदामातच विरघळलेला. मग चंदन, आणि त्याखाली व्हॅनिला, जी साखरेची नाही, पावडरसारखी कोरडी, थोडी धुळीची. काही जणांना ह्यात लहान मुलांच्या खेळायच्या क्लेचा वास येतो, आणि ते खोटं नाही, हेलिओट्रोप ह्या फुलाचा वास आणि बदाम एकत्र आले की तसं होतं. पण अंगावर अर्धा तास जाऊ द्या. पट्टीवर हे समजत नाही. कातडीच्या उबेने ते क्लेपण जातं आणि राहतो तो एक गरम, मऊ, किंचित अस्वस्थ करणारा वास, ज्याच्या जवळ जावंसंही वाटतं आणि नक्की काय आहे ते कळतही नाही.

आणि बदामच का, ह्यात खरी मेख आहे. कडू बदामात अमिग्डलिन नावाचं द्रव्य असतं, ते फुटलं की दोन गोष्टी बाहेर पडतात, एक बेन्झाल्डिहाइड, ज्याला आपण बदामाचा वास म्हणतो, आणि दुसरं हायड्रोजन सायनाइड. म्हणजे हा वास आणि ते विष निसर्गात अक्षरशः एकाच दाण्यातून निघतात. सायनाइडला बदामासारखा वास येतो असंही सगळीकडे वाचायला मिळतं. (परफ्युममध्ये वापरायच्या तेलातून सायनाइड काढून टाकलेलं असतं आणि बऱ्याचदा बेन्झाल्डिहाइड प्रयोगशाळेतच बनवतात, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.) मला ही कल्पना इतकी अचूक वाटते की ह्यापेक्षा चांगलं फ्लँकर मी दाखवू शकत नाही. फ्लेशिएच्या पहिल्या बाटलीची नक्कल नाही, त्यातला निशिगंध, प्लम किंवा मध इथे पुढे येऊन बोलत नाहीत, आणि तरी नाव ऐकल्यावर जे वाटायला हवं ते सगळं आहे. १९८५ चं विष मोठ्या आवाजात आलं होतं, हे कानाशी येऊन बोलतं. फ्लँकर काढायचं तर असं.

ह्याच्यानंतरचं लवकर सांगते. प्युअर पॉयझन, २००४, पांढरी मोत्यासारखी बाटली, आणि परफ्युमर तीन, कार्लोस बेनाइम, दोमिनिक रोपियों आणि ओलिव्हिए पोल्झ. नारिंगीचं फूल, जाई, गार्डेनिया, खाली स्वच्छ अंबर. काम पहिल्या दर्जाचं, कुठेही टोचत नाही, दिवसभर टिकतं, ऑफिसात कोणी तक्रार करणार नाही. ज्यांना पांढरी फुलं आवडतात पण डोकं दुखतं त्यांनी हे बघाच. पण तक्रार न येणं हा पॉयझनचा गुण कधीपासून झाला? दुसऱ्या कुठल्याही नावाने हे आलं असतं तरी चाललं असतं.

मिडनाइट पॉयझन, २००७, निळी बाटली. ह्याबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे. जाक काव्हालिए, ओलिव्हिए क्रेस्प आणि फ्रांस्वा दमाशी, जो २००६ पासून डिओरचा स्वतःचा परफ्युमर होता. जाहिरातीत अभिनेत्री एव्हा ग्रीन, दिग्दर्शक वाँग कार-वाई. गुलाब आणि पॅचुली ही जोडी तेव्हा सगळीकडे होती, शनेलच्या २००१ च्या कोको मादम्वाझेलने पॅचुली स्वच्छ धुऊन, मातीचा वास काढून वापरायची वाट दाखवली होती आणि सगळे त्याच वाटेने चालले होते. मिडनाइट पण त्यातलंच, पण गुलाब इथे गार आहे, जवळजवळ धातूसारखा, आणि पॅचुली जरा जास्त अंधारात ठेवलीय, खाली अंबर आणि व्हॅनिला. थंडीत लोकरीच्या कपड्यावर हे जे दिसतं ते मला दुसऱ्या कुठल्याच गुलाब-पॅचुलीत सापडलेलं नाही. आणि नेमकं हेच बंद केलं. मनापासून वाईट वाटतं. हिप्नॉटिकच्या खालोखाल पॉयझन म्हणवून घ्यायचा हक्क ह्याचाच होता.

पॉयझन गर्ल, २०१६, गुलाबी, दमाशीचंच. कडू संत्रं, गुलाब, टोन्का नावाची गोड वासाची बी, व्हॅनिला, आणि बदाम आहे, म्हणजे हिप्नॉटिकची आठवण ठेवलीय. पण आजूबाजूला तेव्हा काय चालू होतं बघा, २०१२ ला लांकोमचं ला व्ही ए बेल, २०१४ ला ब्लॅक ओपियम, सगळा बाजार साखरेत बुडालेला, आणि गर्ल त्याच बाजारासाठी केलंय. सुरुवातीचं कडू संत्रं छान आहे, पहिली दहा मिनिटं खरंच चांगली आहेत, मग व्हॅनिला-टोन्का सगळं झाकून टाकतात. तरुण मुलींना आवडतं आणि आवडू द्यावं, त्यातून कोणी हिप्नॉटिककडे वळली तर चांगलंच आहे.

आता एक गोष्ट जी खरेदी करताना बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. हिप्नॉटिकचीच पुढे स्वतंत्र शाखा झालीय. २०१० ला ओ सांस्युएल, २०१३ ला ओ सेक्रेत, २०१४ ला ओ द पार्फँ. लोक ओ द पार्फँ घेतात, म्हणजे ईडीपी, असं समजून की ती ओ द तॉयलेतचीच, म्हणजे ईडीटीचीच, जास्त घट्ट आवृत्ती असणार. नाही! मेनार्दोचं १९९८ चं ते ईडीटी, त्यात शहाजिरं आणि कोरडी पावडर. ईडीपी दमाशीच्या काळातलं, त्यात जेष्ठमध आहे, टोन्का आहे, ते जास्त गोल, जास्त गोड, जास्त आजचं आहे. दोन्ही शेजारी-शेजारी दोन मनगटांवर लावून बघा, पहिल्या मिनिटालाच फरक कळेल, आणि तासाभराने तर हे दोन वेगळे परफ्युम आहेत ह्याबद्दल शंकाच उरणार नाही. ज्या हिप्नॉटिकबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलतात ते ईडीटी. ईडीपी म्हणजे जास्त पैशात तेच जास्त, असा हिशोब परफ्युममध्ये नेहमी लागू होत नाही, आणि हिप्नॉटिकच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

आणि एक प्रकार असा आहे ज्याला नावच नसतं, बाटली तीच, खोका तोच, आत मात्र फॉर्म्युला बदललेला. रिफॉर्म्युलेशन. ह्यामागे दर वेळी कंपनीची कंजुषी असते असं समजायचं कारण नाही. इफ्रा ही परफ्युम उद्योगाची संस्था १९७३ पासून कुठला पदार्थ किती वापरायचा ह्याची बंधनं ठरवत आलीय, आणि युरोपियन युनियनचे कायदे वेगळे. ओकमॉस नावाच्या दगडफुलातले अट्रॅनॉल आणि क्लोरोअट्रॅनॉल अ‍ॅलर्जी करतात म्हणून त्यांच्यावर आणि लायरल नावाच्या सिंथेटिकवर युरोपने २०१७ ला बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने लागू केली, लिलियाल २०२२ ला गेलं. लायरल आणि लिलियाल ही दोन्ही फुलांच्या परफ्युममध्ये वर्षानुवर्षं सर्रास वापरली जायची. ती गेल्यावर किती बाटल्यांची आतून फेरजुळणी करावी लागली असेल विचार करा. त्यामुळे कोणी म्हणालं की पूर्वीचं पॉयझन वेगळं होतं, तर त्याला आठवणींचा गोडवा म्हणून उडवून लावू नका. जुनी बाटली आणि आजची बाटली शेजारी ठेवून हुंगल्या की मला आजच्या पॉयझनमध्ये मध पातळ वाटतो, तळातला धूप लवकर विरतो, आणि ते फळ जरा उजळ झालंय, जांभळ्याचं लालसर झाल्यासारखं. पण हाडं तीच आहेत. फ्लेशिएने जी विणली होती ती फळ-फुलाची गाठ अजून सुटलेली नाही, म्हणून मी आजचं पॉयझनसुद्धा बिनधास्त घ्या म्हणून सांगते.

२०२१ ला दमाशीच्या जागी फ्रान्सिस कुर्कजियान आला. त्याने पॉयझनच्या नावाला हात लावायचा ठरवला तर मला एवढंच हवंय की नवीन काहीतरी करताना त्याने जांभळ्या बाटलीतला वास उचलू नये आणि गुलाबी बाटलीतली साखरही उचलू नये. मेनार्दोने केलं तसं पहिल्या श्वासाला माणूस थोडा बिचकेल असं काहीतरी शोधावं.

ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही आणि कुठून सुरुवात करायची ते विचारताहेत त्यांनी आधी हिप्नॉटिकचं ईडीटी बघावं, कातडीवर, आणि त्या दिवशी दुसरं काहीही लावू नये. मूळ पॉयझन दुसऱ्या दिवशी, कपड्यावर एकच स्प्रे, आणि मत बनवायच्या आधी किमान दोन तास जाऊ द्यावेत. दोन्ही एकाच वेळी पट्टीवर मारून तुलना करू नका, पॉयझन सगळं गिळून टाकतं आणि बिचाऱ्या हिप्नॉटिकचा बदाम ऐकूच येत नाही. मिडनाइट शोधत असाल तर जुन्या बाटल्या विकणाऱ्यांकडे अजून निघतात, घेताना विचारा की उजेडात ठेवलेली होती का, कारण वरच्या लिंबू-संत्र्याच्या नोट्स सगळ्यात आधी खराब होतात आणि पहिली पाच मिनिटं वार्निशसारखा वास येतो. तेवढ्यावरून बाटली फेकून देऊ नका. पाच मिनिटांनी खालचा गुलाब बऱ्याचदा शाबूत असतो.